अक्का नसलेली चार पानं

सर, परवा आमच्या इमारतीच्या वॉचमननं मला जिन्यात अडवून हातात एक स्टीलचा डबा दिला. म्हणाला, "एक पोरगी तीनदा येऊन गेली. वर जा म्हटलं तर जाईना. सरांना चालंल का, सरांना चालंल का, एवढंच इचारत हुती." डब्यात शेंगदाण्याची चटणी होती आणि सोबत फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. पोरगी माझ्याच वर्गातली, जतकडची. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, अगं वर का आली नाहीस? तर मान खाली घालून म्हणाली, "सगळी म्हणत्यात, सरांना एकांत लागतो." मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले. मला एकांत लागतो म्हणे! बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीय, दोन महिने मी खानावळीचा डबा खातोय, संध्याकाळी कुणी तरी यावं म्हणून दाराला कडी न लावता बसतोय, आणि खाली पोरं ठरवून मोकळी झालीत की याला माणसं नकोत. कारण काय, तर मी त्यांना अस्तित्ववादी कादंबरी शिकवतो. म्हणजे तुमचाच पेपर. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण त्या चटणीचा पहिला घास घेतला आणि वाटलं, तुम्हाला लिहायलाच हवं.

कोरेगावचा आपला वर्ग आठवतोय ना? पत्र्याचं छप्पर, हंगामात खिडकीखालून उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि तुम्हाला खडू हातात धरून थांबावं लागायचं. वर्गात निम्मी पोरं पहाटे फौजेच्या भरतीसाठी पळायचा सराव करून आलेली, डोळ्यांवर झोप. त्यांच्यापुढं तुम्ही परात्मता मांडत होता. त्या कादंबऱ्यांतली माणसं कुठल्या तरी मोठ्या शहरात, उंच इमारतीच्या खोलीत राहायची, आणि जिन्यावर रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचं नाव त्यांना माहीत नसायचं. अशाच एका माणसाला पाच दिवस ताप येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, असं तुम्ही एकदा सांगत होता. मागच्या बाकावरचा एक पैलवान गडी उभा राहिला. "सर, पाच दिस? मग त्याची भावकी काय करत हुती?" वर्ग खदखदून हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे. सगळ्या कादंबरीचा प्रश्न हाच आहे." मग तुम्ही फळ्यावर एका बाजूला 'माणूस' लिहिलंत आणि दुसऱ्या बाजूला 'जग', आणि सांगितलंत की माणूस विचारत राहतो, मी कोण, मी इथं कशाला, आणि जग काही बोलत नाही. विचारणं थांबत नाही आणि उत्तर येत नाही, या दोन्हींच्या मध्ये जी निरर्थकता उभी राहते तिला हे लेखक भिडले. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आम्ही एक गोष्ट मात्र कधी केली नाही. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला दुसऱ्या खेपेला गाव विचारतात. भांडी विकायला आलेल्या बाईची सोयरीक पाण्याचा तांब्या रिकामा व्हायच्या आत निघते. आणि तुम्हाला येऊन चार वर्षं होत आली तरी एकानंही विचारलं नव्हतं, सर, तुमचं गाव कुठलं. तुम्ही पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहायचात, खानावळीत जेवायचात, संध्याकाळी रेल्वे स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसायचात. दुसरं कुणी असं बसलं असतं तर चार जण जाऊन टेकले असते. तुम्हाला बघून मात्र सगळे लांबून नमस्कार करून पुढं जायचे, कारण तुम्ही त्या कादंबऱ्या शिकवत होता. आम्हाला तो तुमचा स्वभावच वाटला, आणि मान द्यायचा म्हणून तुम्हाला एकटं सोडलं. यात पुढारी मी. तुमची पुस्तकं वर्गातून खोलीपर्यंत मी न्यायचो, त्यामुळं तुमच्याविषयी काही विचारायचं तर पोरं मला विचारायची. चैत्रात आमच्या गावची जत्रा. त्या दिवशी आमच्याकडं वाटसरूलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पोरं म्हणाली, सरांना बोलवायचं का? मी म्हणालो, "नको रं, सरांना एकांत लागतो." दोन वर्षं असंच झालं. खानावळवाला आमच्याच गावचा. जत्रेला तो खानावळ बंद ठेवायचा. त्या दिवशी तुम्ही काय खाल्लंत हे मला फार उशिरा कळलं. केळी आणि शेंगदाणे.

तिसऱ्या वर्षी, पेपर तोंडावर आले असताना तुम्ही सगळ्यांना एक काम दिलंत. एक दिवस अशा ठिकाणी जायचं जिथं आपल्याला कुणीच ओळखत नाही, आणि परत येऊन चार पानं लिहायची. कुणी साताऱ्याला गेलं, कुणी कराडला, आणि बहुतेकांना दुपारपर्यंत मावसभाऊ किंवा मामाचा मेव्हणा भेटला. मला हे असलं चालणार नव्हतं. मी तुम्हाला विचारायला आलो की खरोखरचं परकं गाव कुठलं. तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "जतकडं जा. तिथं भाषासुद्धा तुझी नसेल."

पहाटेच्या गाडीनं निघालो आणि दोन गाड्या बदलून भर उन्हाचा जतला उतरलो. बाजाराचा दिवस होता. आमच्याकडं नजर जाईल तिथं ऊस, इथं नजर जाईल तिथं नुसती जमीन, मध्ये जोंधळ्याची वाळलेली धाटं. मी मेंढरांच्या बाजारात एका बाभळीखाली बसलो. मनाशी ठरवलं होतं, कुणाशी बोलायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. दहा मिनिटंही झाली नसतील. शेजारी घोंगडं टाकून बसलेला म्हातारा माझ्याकडं वळला आणि कानडीत काही तरी म्हणाला. मी गप्प. मग मराठीत, "पाव्हणं कुठलं?" मी गप्प. त्यानं पलीकडच्याला हाक मारली, "आरं, ह्याला बोलता येत न्हाई वाटतं." पलीकडचा म्हणाला, "ऊन लागलंया." एका बाईनं पदराचा वारा घातला, एकानं कांदा फोडून नाकाशी धरला, आणि कुणी तरी माझ्या डोक्यावर पाणी थापायला लागलं. सर, तुम्ही शिकवलं होतं, माणूस विचारतो आणि जग गप्प राहतं. इथं सगळं जग विचारत होतं आणि मी अडून बसलो होतो. शेवटी कांद्यानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा बोललो, "कोरेगावचा हाय. कालेजात शिकतो."

म्हातारा जागचा उठला. "कोरेगाव? मग आमचं मास्तर तितं हायत की! आमच्या गावचं!" आणि त्यानं तुमचं नाव घेतलं. मी चाट पडलो. मला जीपमध्ये कोंबलं, पायाशी दोन कोकरं, आणि पाऊण तासानं एका दारात उतरवलं. "अक्का, तुज्या तम्माकडनं पोरगं आलंया!" तुम्ही तर मला पाठवलं होतं अनोळखी व्हायला. तुम्ही मुद्दाम स्वतःच्याच मुलखात पाठवलंत, की तुमच्या तोंडून सहज गेलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मला वाटतं, सहज नव्हतं.

अक्का म्हणजे तुमची थोरली बहीण आणि तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, एवढं मला तिथं कळलं. ती टँकरवरून नुकतीच आली होती, कमरेवरची घागर अजून उतरवली नव्हती. तिनं मला तांब्या भरून दिला, "हातपाय धू, तम्मा." मला पण तम्माच. मी उसाच्या गावचा, आमच्याकडं मोटर चालू केली की पाटाला पाणी. मी तांब्या सगळा पायांवर ओतला आणि सवयीनं म्हणालो, "अजून द्या." तिनं दुसराही भरून दिला. तोंड धुताना खाली बघितलं तर मी उभा होतो त्या दगडाखाली घमेलं ठेवलेलं, आणि पडलेलं पाणी म्हातारा तिथूनच उचलून कोकरांपुढं ठेवत होता. माझी मान वर होईना. अक्का मात्र हसत होती. "राहू दे रं. पाव्हण्याला कुठं मोजून पाणी देत्यात व्हय?"

जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. ती समोर बसून तुमच्याविषयी विचारत राहिली, अंगानं कसा हाय, खोकला कमी आला का. मग म्हणाली, "एकट्याला जेवाण जातच न्हाई त्याला. ल्हान हुता तवा आपलं ताट उचलून शेजारच्या दारात जायाचा, तितं बसून खायाचा. आई मारायची, तरी जायाचा." आणि मग, "तितं कुणासंगं जेवतो रं?"

सर, मला त्या क्षणी गिरणीवरची खोली दिसली, खानावळीतलं भिंतीकडचं टेबल दिसलं आणि स्टेशनवरचा बाक दिसला. चार वर्षं ज्याला आम्ही तत्त्वज्ञान समजत होतो ते माझ्या पुढ्यात असं उघडं पडलं. मी म्हणालो, "आमच्या सगळ्यांसंगं, अक्का. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी." तिनं डोळे मिटून कपाळाला हात लावला, देवाला लावतात तसा. म्हणाली, "लय ग्वाड माणसं हायसा तुमी." तिनं मला त्या दिवशी सोडलं नाही. सकाळच्या गाडीला बसवताना तुमच्यासाठी गाठोडं दिलं. अनोळखी दिवसाचे असे दोन दिवस पाहुणचारात गेले.

आणि तरीही मी काय केलं बघा. परतीच्या एसटीत वही काढून चार पानं लिहिली, आणि त्यात असलं काहीच नव्हतं. खरं लिहिलं तर नापास होईन अशी भीती. अस्तित्ववादात कडक भाकरी कुठं बसवायची? मी लिहिलं की रखरखीत उन्हात मी गर्दीतून चाललो, कुणाची नजर माझ्यावर ठरली नाही, माझी सावलीही मला परकी वाटली. सावलीचं वाक्य मला फार आवडलं होतं. सोमवारी तुमच्यासमोर उभा राहिलो, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात ती चार पानं. एवढा शहाणा मी की दोन्ही एकाच वेळी दिली.

तुम्ही गाठोडं आधी सोडलंत. फडकं ओळखीचं होतं, ते हातानं दोनदा सारखं केलंत. मग पानं वाचलीत, सावकाश, चारही. चष्मा काढलात आणि पहिल्यांदाच माझ्याशी तुमच्या गावच्या बोलीत बोललात. "चार पानं वाचली, गड्या. ह्यात माजी अक्का कुठं हाय?"

तुम्ही चिडला होतात, इतके चिडलेले मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणालात, "एकटेपणा ही मिरवायची गोष्ट वाटते काय तुला? त्या कादंबऱ्यांतल्या माणसाला कुणी एकानं विचारलं असतं ना, पाव्हणं कुठलं, तर कादंबरी दुसऱ्या पानावर संपली असती. त्याला कुणी विचारलं नाही म्हणून ती लिहावी लागली. आणि तुला अख्ख्या बाजारानं विचारलं, तर तू ते खोडून टाकलंस." मग जरा वेळानं आवाज खाली आला. "अक्कानं काय विचारलं?" मी सांगितलं, तुम्ही कुणासंगं जेवता ते विचारलं. "मग?" म्हटलं, "मी सांगितलं, आमच्या सगळ्यांसंगं." तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. एक ट्रॉली गेली, ती पूर्ण जाईपर्यंत बघत राहिलात. मग भाकरी मोडलीत, अर्धी माझ्यापुढं केलीत आणि म्हणालात, "बस. आजच्यापुरतं तरी खरं होऊ दे."

त्या दिवशी आपण दोघांनी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रावर चटणी घेऊन भाकरी खाल्ली. मला रडू येत होतं आणि चटणी तिखट होती, त्यामुळं ते झाकलं गेलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वडील तेव्हा पलटणीत, आई एकटी शेत बघायची. तिला अस्तित्ववाद माहीत नव्हता, म्हणून बरं. ती खुरपं टाकून उठली. "आन् चार वर्सं त्या माणसाला तुमी खानावळीत घातलंसा? कालेजात शिकता काय शेण खाता?" दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर एसटीत बसली. कॉलेज सुटायच्या वेळी तुम्हाला फाटकात गाठलं, सगळ्या पोरांसमोर, डोक्यावरचा पदर सारखा करत. "आवं मास्तर, पाव्हणं कुठलं तुमी?" मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि तुम्ही सांगायला लागलात. गाव, तालुका, वडील काय करायचे, मेंढरं किती होती, गावचा देव कुठला, आजोळ कुठलं. सांगता सांगता तुम्ही हसत होता. एवढं लांब उत्तर तुम्ही वर्गातही कधी दिलं नव्हतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चला मग, जेवाण झालंया."

तिथून पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्या चैत्रातल्या जत्रेला तुम्ही आमच्या ओसरीवर पंगतीत बसलात, नाकातून पाणी येईपर्यंत रस्सा ओरपलात, आणि ज्या पैलवानानं भावकीचा प्रश्न विचारला होता तो तुम्हाला आग्रह करत होता. गुरुवार आमचा, रविवार खानावळवाल्याच्याच घरचा, असे तुमचे वार ठरून गेले. गावातल्या बारशाला तुम्ही, साखरपुड्याला तुम्ही, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मध्यस्थ म्हणून तुम्ही. पुढं पुढं तर तुम्हाला वाचायला वेळ मिळेना आणि तुम्ही माझ्याकडंच तक्रार करायला लागलात. अक्का एकदा येऊन आठ दिवस राहिली. पहिल्या दिवशी आमच्या पाटातलं पाणी बघत पाय सोडून बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मातीला आमच्या गावातून टेम्पो भरून माणसं जतला आली. दारात एकानं विचारलं, तुमी त्यांचं कोण? तर सगळी गोंधळली आणि माझी आई म्हणाली, "आमी त्यांच्यासंगं जेवायचो." मी त्या उत्तरावर आजही खूश आहे. मी अक्काला सांगितलेलं खोटं माझ्या आईनं दहाबारा वर्षं राबून खरं केलं.

म्हणून आज मी सुखात आहे, सर. तोच पेपर शिकवतो आणि त्या कादंबऱ्या मला अजूनही खऱ्या वाटतात, पहिल्यापेक्षा जास्त. मात्र फळ्यावर 'माणूस' आणि 'जग' लिहिलं की वर्गातल्या प्रत्येकाला त्याचं गाव विचारतो. त्या पोरीला उद्या जेवायला बोलावलंय, आणखी सातआठ जणांना घेऊन ये म्हटलंय. मटण मी करणार आहे, वॉचमन मदतीला येतोय. बायको फोनवर म्हणाली, मीठ आधी चाखून बघा.

एक राहिलंय. ते सांगायला मला दहाबारा जत्रा मिळाल्या आणि प्रत्येक वेळी मी तुमच्या वाटीत रस्सा वाढत राहिलो. एका जत्रेला तुम्ही आईला म्हणाला होता, "पहिली चार वर्षं मला वाटायचं, या गावाला मी नकोसा आहे." मी शेजारीच पातेलं घेऊन उभा होतो. तुम्हाला वाटलं असेल, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तसं नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षी, जत्रेच्या आठवडाभर आधी, तुमची पुस्तकं घेऊन मी गिरणीचा जिना चढत होतो आणि वरून तुम्ही विचारलंत, "तुमच्या गावची जत्रा कधी असते रे?" मी म्हणालो, "सर, लई गोंगाट असतो. तुम्हाला न्हाई आवडायचा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि माझ्या हातातून पुस्तकं घेतलीत. तुम्ही विचारलं होतं, आणि विचारण्याचा अर्थ मला त्याच वेळी कळला होता. पण मला तुम्ही एकटे हवे होतात, त्या कादंबऱ्यांतल्यासारखे, मला एकट्यालाच कळणारे. पंगतीत बोटं चाटणारे सर मला नको होते.

हे पत्र मी कुठं पाठवणार? अक्काही आता नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या जत्रेत तेव्हा कसला आलाय गोंगाट, सर. एक ढोल असायचा आणि एक सनई. साधा लाउडस्पीकरही नव्हता.